‘जाणे’ आणि ‘नेणे’ : फुटबॉलच्या मैदानावरील अपंग प्रेक्षकाविषयीच्या भाषेची समीक्षा

मराठीत ‘जाणे’ या धातूला सरळ प्रयोजक रूप नाही. ‘बसणे’चे ‘बसवणे’ होते, ‘चढणे’चे ‘चढवणे’ होते; ‘जाणे’चे तसे होत नाही. ‘जाववणे’ असे एक रूप भाषेत आहे खरे, परंतु ते प्रयोजक नसून शक्यार्थी आहे, आणि बहुधा नकारासहच येते : ‘मला आता इतक्या लांब जाववत नाही.’ दुसऱ्याकडून जाण्याची क्रिया करवावयाची असेल तर भाषा ‘पाठवणे’ किंवा ‘नेणे’ या निराळ्याच धातूंचा आश्रय करते. व्याकरणाच्या वर्गात ही गोष्ट पाच मिनिटांत सांगून होते. परंतु फुटबॉलचा सामना संपल्यावर गॅलरीच्या पायऱ्यांवरून चौघे मित्र पाचव्या मित्राला खुर्चीसकट खाली उतरविताना ज्याने पाहिले असेल, त्याला या रूपांतील अंतर निराळ्या रीतीने जाणवल्यावाचून राहणार नाही. चौघे सामन्याला गेले होते. पाचव्याला नेले होते. आणि त्याला स्वतःला विचारले तर तो म्हणेल, ‘एकट्याला जाववत नाही.’

मैदानाच्या बांधणीचा प्रश्न हा स्थापत्यशास्त्राचा. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका येथे घेतली जाईल. तिचे उत्तर असे की, जिना, दार आणि बैठक या गोष्टी सिमेंटमध्ये उतरण्यापूर्वी त्या कोठे तरी शब्दांत लिहिल्या जातात. कायदा, नियमावली, निविदा, स्पर्धेचे पत्रक, वर्तमानपत्रातील वृत्तांत हे सर्व मैदानाचेच भाग होत. त्यांत ज्या माणसाला कर्त्याची जागा नाही, त्याला पुढे गॅलरीतही जागा मिळत नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

कोल्हापुरात हा विचार करण्यास विशेष कारण आहे. येथील फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. ज्या तालमींचा जन्म कुस्तीसाठी झाला, त्यांनीच पुढे आपापले फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालीम मंडळांची, तसेच शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांची नावे येथील शाळकरी मुलालाही पाठ असतात. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या छत्राखाली राजर्षी शाहू स्टेडियमवर होणाऱ्या सामन्यांना जी गर्दी लोटते, तिच्यातील बहुतेकांनी आपला संघ निवडलेला नसतो. तो आजोबा-चुलत्यांकडून घरासारखाच वारशाने आलेला असतो. अशा गावात सामन्याला हजर असणे ही पेठेतील आपल्या अस्तित्वाची नोंद होय. ज्याला तेथे जाता येत नाही तो एका करमणुकीस मुकला, एवढेच म्हणणे अपुरे ठरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात जो वाद रंगतो त्यात त्याला साक्षीदाराचा अधिकार राहत नाही. तो ऐकणारा उरतो. घरी मोबाइलच्या पडद्यावर सामना दिसतोच की, असे कोणी म्हणेल. परंतु हाच युक्तिवाद धडधाकट माणसांना कोणी ऐकवीत नाही, आणि ऐकविला तर गॅलरीतील एकही माणूस घरी बसणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मुलगा जाऊ शकत नाही म्हणून बाप जात नाही. बाप राहतो म्हणून धाकटा भाऊ शेजाऱ्यांबरोबर जातो. आई तर या हिशेबात येतच नाही. एका माणसासाठी बंद झालेले दार प्रत्यक्षात एका कुटुंबासाठी बंद होते. भाषेत मात्र याला शब्द नाही. फार तर ‘मदतनीस’ किंवा ‘सोबतची व्यक्ती’ असा उल्लेख येतो, जणू त्या व्यक्तीला खेळाचे काही सोयरसुतक नसून ती केवळ खुर्ची ढकलण्यासाठी आली आहे. वस्तुतः ती बहुधा त्याच संघाची तितकीच कडवी पाठीराखी असते.

आता प्रथम कायद्याकडे वळू. १९९५च्या अधिनियमाची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. त्याने मान्य केलेल्या अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर नेली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. भाषेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती त्यातील व्याख्या. दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या परस्परसंबंधामुळे ज्याच्या समाजातील सहभागास बाधा येते तो अपंग, असा तिचा आशय आहे. आणि ‘अडथळा’ या संज्ञेत भिंती-पायऱ्यांबरोबर सामाजिक वृत्ती व संपर्काच्या उणिवा यांचाही समावेश केला आहे. व्याख्येपुरते पाहिले तर वाक्याचा कर्ता बदलला आहे. ‘त्याला जाता येत नाही’ या वाक्याच्या जागी ‘पायऱ्या त्याला जाऊ देत नाहीत’ हे वाक्य आले आहे.

परंतु हा बदल पुढील कलमांपर्यंत टिकलेला दिसत नाही. एकोणतिसावे कलम संस्कृती व मनोरंजन यांविषयी आहे आणि तिसावे क्रीडेविषयी. तिसाव्या कलमात अपंग खेळाडू सर्वत्र आहे : त्याच्या गुणांचा विकास, त्याच्यासाठी सुविधांची पुनर्रचना, त्याच्या स्पर्धा, त्याचे प्रशिक्षण. एकोणतिसाव्यात कलावंत आहे, लेखक आहे, साहसी शिबिरात जाणारा तरुणही आहे. दोन्ही कलमे पुनःपुन्हा वाचली तरी त्यांत प्रेक्षक मात्र भेटत नाही. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत मनोरंजनाच्या जागा येतात, त्या वाटेने तो आत येतो हे खरे. पण तो इमारतीचा वापर करणारा म्हणून येतो, खेळाचा रसिक म्हणून नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारास भारताने २००७ साली मान्यता दिली, त्याच्या तिसाव्या अनुच्छेदात क्रीडा व मनोरंजनाच्या स्थळांपर्यंत पोहोचण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. आपल्या कायद्याच्या क्रीडाविषयक कलमात येईपर्यंत तो खेळाडूच्या मागे झाकला गेला.

असे का व्हावे? आपल्या सार्वजनिक भाषेला अपंग माणूस दोनच रूपांत ओळखता येतो, एक दयेचा विषय म्हणून आणि दुसरा पराक्रमी म्हणून, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील स्पर्धांत पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. २०२४ साली त्यांच्यावर चित्रपटही निघाला. त्यांचा गौरव करावा तेवढा थोडाच. परंतु धडधाकट माणसाला मैदानात शिरण्यासाठी पदक मिळवावे लागत नाही. तो तिकीट काढतो आणि आत जातो. सामान्य, आळशी, पंचाला शिव्या देणारा, मध्यंतरात भजी खाणारा अपंग प्रेक्षक ही कल्पनाच आपल्या भाषेला अजून सुचलेली नाही. समतेची खरी कसोटी लागते ती या आळशी प्रेक्षकापाशीच.

कायद्याच्या अंमलबजावणीचा जो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तो तर व्याकरणाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने २०१७च्या नियमांतील पंधराव्या नियमाचा संबंधित भाग कायद्याशी विसंगत ठरविला. मूळ अधिनियमाची भाषा बंधनकारक असताना नियमाने ज्या मार्गदर्शक सूत्रांचा हवाला दिला ती केवळ शिफारसवजा होती, हे त्याचे कारण. तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा आदेशही देण्यात आला. म्हणजे वाद होता तो क्रियापदाच्या अर्थाचा, ‘करावे’ आणि ‘केलेच पाहिजे’ यांतील अंतराचा. मराठीत हा घोटाळा अधिकच होतो. आपला ‘-आवा’ प्रत्ययाचा विध्यर्थ एकाच रूपात इच्छा, उपदेश, विनंती, कर्तव्य आणि शक्यता एवढे अर्थ वाहतो. ‘मुलांनी खरे बोलावे’ हा उपदेश, ‘आता पाऊस पडावा’ ही इच्छा, आणि ‘प्रवेशद्वाराशी उतार बांधावा’ हे काय? लिहिणारा त्याला आज्ञा समजतो, बांधणारा सूचना समजतो, आणि ज्याच्यासाठी लिहिले तो इच्छा समजून गप्प बसतो. आपल्या कार्यालयीन परिपत्रकांची निम्मी दुर्बलता या एका प्रत्ययात आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. उताराचे प्रमाण १ : १२ असले पाहिजे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी किमान बारा फूट लांबी दिली पाहिजे, हे वाक्य ‘पाहिजे’नेच लिहिले गेले पाहिजे.

आता नामांकडे. ‘अपंग’ गेला, ‘विकलांग’ आला, आणि २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात सुचविल्यापासून ‘दिव्यांग’ रूढ झाला. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली स्वतंत्र विभाग स्थापला तोही दिव्यांग कल्याण विभाग या नावाने. या बदलामागील सद्‌भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तिन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट नजरेत भरते. ‘अपंग’ हा शब्द संस्कृत ‘अपांग’ म्हणजे अंगहीन याच्याशी जोडला, तर तिन्ही शब्दांत ‘अंग’ कायम आहे. बदलत गेले ते केवळ त्याच्यामागचे विशेषण. प्रथम अंग नव्हते, मग ते विकल झाले, मग दिव्य झाले. पण नजर शरीरावरून हलली नाही. पायरीकडे ती वळलीच नाही. ज्या पायरीमुळे माणूस अडतो तिला हिणविणारा एकही शब्द मराठीत नाही, आणि अडणाऱ्या माणसासाठी लंगडा, पांगळा, थोटा, लुळा अशी रांगच्या रांग आहे. प्रस्तुत लेखात ‘अपंग’ हाच शब्द वापरला आहे तो यासाठी की, त्यात निदान कोणाची स्तुती करून प्रश्न टाळण्याची सोय नाही.

याच संदर्भात वर्तमानपत्री मराठीतील एका प्रयोगाचा निषेध करणे अवश्य आहे. ‘अंथरुणाला खिळणे’ हा आपला जुना आणि अन्वर्थक वाक्प्रचार. आजारी माणूस खरोखरच अंथरुणाला खिळतो. त्यावरून अलीकडे ‘व्हीलचेअरला खिळलेला तरुण’ असे लिहिले जाते. खिळा आणि चाक यांचा याहून मोठा विरोध कोणता? ज्या वस्तूने माणूस हलता झाला, तिलाच तो खिळला असे म्हणणे म्हणजे चष्मा लावणाऱ्याला चष्म्याने आंधळा झालेला म्हणण्यासारखे आहे. सुदैवाने याचे उत्तर कोल्हापुरातच लिहिले गेले आहे. ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था १९८४ साली येथे उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मचरित्रास ‘चाकाची खुर्ची’ हे नाव दिले. ‘चाकाची’ हे एकवचन पाहावे. खुर्चीला चाके अनेक असतात, परंतु ‘दाताचा डॉक्टर’, ‘फुलाची परडी’ यांप्रमाणे येथे सामान्यवाचक एकवचन येते आणि वस्तू घरातली होऊन जाते. परकी ‘व्हीलचेअर’ रुग्णालयातून आल्यासारखी वाटते. चाकाची खुर्ची ही घरातल्या खुर्च्यांपैकीच एक आहे, फक्त ती चालते. शासनाच्या समित्यांनी घडविलेल्या डझनभर पारिभाषिक संज्ञांपेक्षा या दोन शब्दांत अधिक विचार आहे, असे माझे मत आहे.

‘सवलत’ या शब्दाचा इतिहासही असाच बोलका आहे. मूळ अरबी ‘सुहूलत’, म्हणजे सोपेपणा, सुलभता. फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत येऊन तो ‘सवलत’ झाला, आणि पाहता पाहता त्याचा अर्थ ‘कोणी तरी मेहेरबानीने दिलेली सूट’ असा झाला. आज अपंग प्रेक्षकासाठी काय करता, असे कोणत्याही स्पर्धेच्या संयोजकांना विचारले तर ‘तिकिटात सवलत देऊ’ हे उत्तर प्रथम येते. पैसे कमी घेऊन त्याला त्याच पायऱ्यांपाशी आणून सोडले तर मूळ अर्थाची सवलत त्याला कोठे मिळाली? येथेच विभक्तीचा प्रश्न येतो. मोरो केशव दामले यांनी १९११च्या आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्या कारकव्यवस्थेची चर्चा केली, तिच्यात चतुर्थी ही संप्रदानाची, म्हणजे देण्याची विभक्ती. अपंग व्यक्ती आपल्या शासकीय गद्यात जवळजवळ नेहमी चतुर्थीत असते : अपंगांना साहित्य, अपंगांना भत्ता, अपंगांसाठी राखीव. देणारा कर्ता, घेणारा संप्रदान. याउलट इंग्लंडात १९९८ साली अशा प्रेक्षकांनी स्वतःची जी संघटना स्थापन केली, जी आज ‘लेव्हल प्लेइंग फील्ड’ या नावाने ओळखली जाते, तिच्या मूळ नावातील मुख्य नाम ‘पाठीराखे’ हे होते. अपंगत्व त्याचे विशेषण होते. विशेष्य कोणते आणि विशेषण कोणते, यावर पुढचे सर्व अवलंबून असते.

त्या देशात २००४ साली प्रसिद्ध झालेली मैदानविषयक पुस्तिका या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तिच्यातील आकडे कोरडे आहेत, पण त्यांत ‘यथाशक्य’, ‘शक्यतो’ हे शब्द शोधावे लागत नाहीत. दहा हजारांहून कमी आसनांच्या मैदानात दर शंभरामागे एक, किंवा किमान सहा, यांपैकी जी संख्या मोठी असेल तेवढ्या जागा चाकाच्या खुर्चीसाठी. दहा हजारांस शंभर. तेथून पुढे वीस हजारांपर्यंत दर हजारी पाच. म्हणजे वीस हजारांस दीडशे. त्याही पलीकडे एक बारकावा तिच्यात आहे, आणि तो मला संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो. खुर्चीची जागा इतकी उंच असली पाहिजे की, समोरचे प्रेक्षक उभे राहिले तरी खुर्चीतील माणसास मैदान दिसावे. आपण कोल्हापूरच्या गॅलरीची कल्पना करावी. चेंडू गोलजाळ्याच्या दिशेने जाऊ लागताच हजारो माणसे एकदम उठतात. बसलेल्या माणसाला नव्वद मिनिटांतील सर्व निरर्थक पास दिसतात. दिसत नाही तो एकच क्षण, ज्याच्यासाठी सारे आले होते. समोर शर्टांच्या पाठी, आणि गोल झाला की नाही हे त्याला आरोळीवरून कळते. उतार बांधला, दार रुंद केले आणि ही उंची विसरले, तर माणूस मैदानात पोहोचला पण सामन्यात पोहोचला नाही.

इंग्लंडातही सर्व काही सुरळीत झाले असे नव्हे. तेथील सर्वोच्च साखळीतील सर्व संघांनी २०१५ साली जाहीर वचन दिले की, ऑगस्ट २०१७पर्यंत या पुस्तिकेची पूर्तता करू. मुदत संपली तेव्हा काही अतिश्रीमंत संघही मागेच होते. मात्र वचनात तारीख होती म्हणून ते मोडले हे सांगता आले. आपल्याकडील वचनांत तारीखच नसते, त्यामुळे ती कधी मोडत नाहीत.

जागेचा प्रश्न संख्येने सुटत नाही. ती जागा कोणत्या गॅलरीत, हा कोल्हापुरात तरी पहिला प्रश्न असेल. अपंगांसाठी एकच कोपरा राखला आणि तो प्रतिस्पर्ध्यांच्या पाठीराख्यांमध्ये असला, तर पाटाकडीलच्या माणसाने शिवाजीचा जयघोष ऐकत मुकाट बसावे, गोल झाल्यावर हातसुद्धा वर करू नये, असा त्याचा अर्थ होईल. परगावी गेलेल्या इंग्रज पाठीराख्यांची हीच तक्रार वर्षानुवर्षे होती. शिवाय शेजारी एकच सोबती, आणि उरलेले घर पलीकडच्या गॅलरीत, ही व्यवस्थाही अपुरी. कोल्हापूरचा माणूस सामन्याला एकटा जात नाही. तो टोळीने जातो, आणि टोळीनेच बसतो. बाजूला काढून बसविलेला पाहुणा आणि मध्ये बसलेला सवंगडी यांत जो फरक आहे, तो चौरस फुटांनी मोजता येत नाही.

‘प्रेक्षक’ या शब्दातच ईक्षण आहे. मग दृष्टिहीनाचे काय? मराठी बोलणारा अंधही ‘बघू या’, ‘करून बघतो’ असे सहज म्हणतो, कारण ‘बघणे’ या क्रियापदाने डोळ्यांची हद्द केव्हाच ओलांडली आहे. कोल्हापुरात ‘मॅच बघायला गेलो होतो’ याचा अर्थ मुख्यतः ‘तेथे होतो’ एवढाच असतो. या माणसाला गॅलरीत काय मिळते, याचा विचार भाषाशास्त्राने करण्यासारखा आहे. आकाशवाणीच्या काळात तो सर्वांच्या बरोबरीचा होता. बाळ ज. पंडितांसारख्यांनी क्रिकेटचे समालोचन मराठीत आणले तेव्हा त्यांचा एकूण एक श्रोता मैदानाच्या बाबतीत दृष्टिहीनच होता, आणि म्हणून चेंडू कोठे आहे हे शब्दांनीच सांगावे लागे. दूरचित्रवाणी आली आणि समालोचकाची भाषा आळसावली. ‘पाहा, काय सुंदर!’ एवढ्यावर तिचे काम भागू लागले. गॅलरीतील शेजारी तर ‘आला, आला… दे की… अरे हा काय करतोय!’ एवढेच बोलतो. त्या उद्‌गारांत भावना सर्व आहे, पण ‘हा’ कोण, ‘आला’ कोठून, हे काहीच नाही. दर्शक सर्वनामे बोट दिसणाऱ्यालाच उपयोगी पडतात. २०१४च्या ब्राझीलमधील विश्वचषकात मैदानावर उपस्थित अंध प्रेक्षकांसाठी कानाशी वर्णनपर निवेदन ऐकविण्याची व्यवस्था करण्यात आली होती. मराठीत असे निवेदन तयार करावयाचे तर फार मोठे यंत्र लागत नाही. लागतो तो ‘इकडे-तिकडे’ टाळून दिशा, अंतर आणि खेळाडू यांची नावे घेत बोलण्याचा सराव केलेला निवेदक. भाषा विभागांतील विद्यार्थ्यांसाठी याहून चांगले प्रात्यक्षिक मला सुचत नाही.

कर्णबधिर प्रेक्षकाच्या बाबतीत फुटबॉलने नकळत एक उपकार करून ठेवला आहे. १९६६च्या विश्वचषकात इंग्लंड व अर्जेंटिना यांच्या सामन्यात पंच आणि खेळाडू यांना परस्परांची भाषा कळेना, त्यातून केन अॅस्टन या इंग्रज पंचास वाहतुकीच्या दिव्यांवरून पिवळ्या व तांबड्या पत्रांची कल्पना सुचली, आणि १९७०च्या स्पर्धेत ती प्रचारात आली. भाषेची एक अडचण दूर करण्यासाठी केलेली युक्ती ज्यांचा विचारही मनात नव्हता अशा लाखो लोकांच्या उपयोगी पडली. परंतु मैदानावरील ध्वनिक्षेपकाची घोषणा, बदली खेळाडूचे नाव, गर्दी वाढल्यास बाहेर पडण्याची सूचना या गोष्टी अद्याप कानावरच अवलंबून आहेत.

ज्यांना ‘स्वमग्न’ म्हटले जाते त्या मुलांविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण येथे संज्ञेनेच दिशाभूल केली आहे. ‘स्वमग्न’ म्हणजे स्वतःत बुडालेला. त्याला बाहेरचे काही कळत नाही, असा भास या शब्दाने होतो. प्रत्यक्षात अशांपैकी पुष्कळ मुलांचे दुःख नेमके उलट असते : बाहेरचे जग त्यांच्यावर फार जोराने आदळते. हलगीचा कडकडाट, फटाका, हजार कंठांतून एकदम उठणारी आरोळी यांनी ते कान झाकते, आणि मागचा माणूस म्हणतो, ‘पोराला कशाला आणलंय?’ सुंदरलंड येथील मैदानात २०१५ साली अशा मुलांसाठी काचेमागची एक शांत खोली करण्यात आली. तेथून मैदान दिसते, गोंगाट मात्र ऐच्छिक असतो, आणि आई, बाप, भावंडे सर्वांना एकत्र बसता येते. कुटुंब हा घटक धरून केलेली अशी रचना मला अन्यत्र क्वचितच आढळली. स्थानिक स्पर्धेत काचेची खोली होणार नाही, हे कळते. परंतु हलगीपासून दूरचा एक कोपरा आणि मध्येच बाहेर जाऊन परत येण्याची मुभा देण्यास काच लागत नाही.

याला जो आक्षेप घेतला जातो तो खर्चाचा, आणि त्याहून मनातला आक्षेप हुल्लडीचा : येथे धडधाकटांची गर्दी आवरत नाही, तेथे अपंगांना आणून जोखीम कोणी घ्यावी? गोल झाल्यावर लोंढा खाली धावतो, ही वस्तुस्थिती आहे. परंतु ज्या जिन्यावर चाकाच्या खुर्चीला धोका आहे, तेथे तो म्हाताऱ्यालाही आहे आणि चेंगराचेंगरीत तरण्यालाही. राहिला खर्च. याच गावात १९१२ साली राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान उभारले तेव्हा भुईवर बसलेल्या शेवटच्या माणसालाही आखाडा दिसला पाहिजे, हा विचार बांधणीच्या आरंभी होता. नंतर डागडुजीत घातलेला नव्हता. म्हणून तो स्वस्तही पडला आणि शतकभर टिकलाही. कुस्तीशौकिनाच्या दृष्टिरेषेचा विचार करणाऱ्या गावाला फुटबॉलच्या बाबतीत तो परका वाटण्याचे कारण नाही.

‘शौकीन’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला. कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत आणि पत्रकांत ‘कुस्तीशौकीन’, ‘फुटबॉलशौकीन’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, आणि ‘प्रेक्षक’, ‘लाभार्थी’, ‘दिव्यांग’ या सर्वांपेक्षा मला तो अधिक न्याय्य वाटतो. डोळे, पाय, कान यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही. उल्लेख आहे तो फक्त ओढीचा. आणि या शब्दाचे नेहमीचे वाक्य पाहा : ‘सर्व फुटबॉलशौकिनांनी उपस्थित राहावे.’ येथे तो चतुर्थीत नाही. ‘-नी’ प्रत्यय लागून कर्त्याच्या जागी उभा आहे. त्याला कोणी नेत नाही, तो जातो. वाक्य तयारच आहे. पत्रकावर त्याच्याखाली सामन्याची वेळ आणि तिकिटाचा दर छापलेला असतो. त्याच टाइपात आणखी चार ओळी छापाव्यात. पायऱ्या नसलेले दार कोणते आणि ते किती रुंद आहे. चाकाच्या खुर्चीची जागा प्रत्येक संघाच्या बाजूस कोठे आहे आणि तिच्याशेजारी घरची किती माणसे बसू शकतात. खुर्ची आत वळू शकेल असे स्वच्छतागृह त्या जागेपासून किती अंतरावर आहे. आणि दाराशी कोणाला विचारावयाचे, त्याचे नाव.